नोंदवहीपासून संचालकाच्या खुर्चीपर्यंत : गोव्यातल्या नवख्या कला-इतिहासकारांसाठी

गोव्यात बारावीनंतर मुलीने 'मला कलेत काहीतरी करायचंय' म्हटलं की घरचे दोनच गोष्टी समजतात. एक तर ही चित्रं काढणार, नाहीतर शाळेत ड्रॉइंग शिकवणार. स्वतः चित्रं न काढता चित्रांचा, मूर्तींचा, वास्तूंचा इतिहास शोधायचा, त्या वस्तू सांभाळायच्या आणि पुढे एखादं संग्रहालय किंवा कलाकेंद्र चालवायचं, हाही रीतसर व्यवसाय आहे. ज्यांना या वाटेला लागायचंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

ही वाट चाललेली माणसं आपल्या शेजारीच आहेत. सरयू दोशी जैन चित्रकलेच्या अभ्यासक. १९९६ मध्ये मुंबईत सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सुरू झाली, तेव्हा तिची घडी त्यांनी बसवली. सदाशिव गोरक्षकरांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं, संचालकपद दोन दशकं सांभाळलं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मोडकळीला आलं होतं. महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान या तिघांना एका करारात आणून तस्नीम झकारिया मेहता यांनी ते २००८ मध्ये पुन्हा लोकांसाठी खुलं केलं.

गोव्यातली गंमत वेगळी आहे. पिळर्णचं 'म्युझियम ऑफ गोवा' २०१५ मध्ये उभं केलं ते डॉक्टरकी सोडून कलाकार झालेल्या सुबोध केरकरांनी. तोर्ड्याचं 'हाउसेस ऑफ गोवा' वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांचं, बाणावलीचं 'गोवा चित्र' कलाकार व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांचं. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरचं 'सुनापरांत' हे कलाकेंद्र २००९ मध्ये साळगावकर कुटुंबाने सुरू केलं. यातलं बरंचसं एकेका माणसाच्या किंवा घराच्या जिद्दीवर उभं राहिलं. अशा संस्था पुढच्या पिढीकडे जातील तेव्हा त्यांना शिकलेली, वस्तूंशी घसट असलेली माणसं लागतील. माझ्या मते तुमची संधी नेमकी इथे आहे.

पहिली पायरी : बघायला शिका

पदवी नंतर. आधी शनिवार-रविवार मोकळे ठेवा आणि एक वही घ्या.

सुरुवात जुन्या गोव्यात करा. सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताचं जे कोरीवकाम झालं, त्यातला एक प्रकार तुम्हाला पुढे जगभरच्या संग्रहालयांत भेटेल : 'उत्तम मेंढपाळ' रूपातला बाळ येशू. त्याचं वर्णन कसं करायचं ते बघा. डोंगराच्या माथ्यावर मूल बसलंय, पाय एकमेकांवर टाकलेले. एका हाताचा गालाला टेका, डोळे मिटलेले. खांद्यावर एक मेंढरू, मांडीवर दुसरं. खाली डोंगराचे टप्पे, त्यात झरा, पाणी पिणारी पाखरं, चरणारी मेंढरं. अगदी तळाशी गुहेत आडवी पडून वाचत असलेली मारिया माग्दालेना.

नवखा माणूस पहिल्या ओळीतच 'बुद्धाचा प्रभाव' असं लिहून मोकळा होतो. असेलही प्रभाव. पण आधी जे दिसतं ते लिहा. मग वस्तू कशी घडली ते : मूर्ती एकसंध आहे की तुकडे खुंट्यांनी जोडलेत? सुळ्याचा मूळ बाक कुठे जाणवतो? तळाच्या आडव्या छेदावर खऱ्या हस्तिदंताची एकमेकींना छेदणारी जाळीदार रेघ दिसते का? रंगाचा, सोन्याच्या मुलाम्याचा अंश केसांच्या खाचेत राहिलाय का? अर्थ लावायचं काम सगळ्यात शेवटी. आठवड्याला एक वस्तू आणि तिची दीडशे शब्दांची नोंद, एवढं वर्षभर केलंत तरी पदव्युत्तर वर्गात तुम्ही पुढच्या बाकावर असाल.

तिथून पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात या. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची रांग आहे. १५४७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रोने ही मालिका सुरू करवली. नंतरच्या शतकांत यातल्या अनेक चित्रांवर दुरुस्तीच्या नावाखाली पुन्हा पुन्हा रंग चढले. म्हणून समोरचं चित्र कोणत्या शतकातलं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. चेहरा एका काळाचा, चिलखत दुसऱ्या काळाचं, खालची अक्षरं तिसऱ्या, असं होऊ शकतं.

देवळांकडेही तितकंच लक्ष द्या, आणि लवकर द्या. अडवलपालची शर्वाणी, मोरजीची मोरजाई इथली कावी चित्रं बघा. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही रीत. जीर्णोद्धारात अशा भिंती पाडून त्यावर चकचकीत फरशी बसवण्याची हौस आपल्याकडे दांडगी आहे. त्यामुळे आज काढलेला तारीखवार फोटो उद्या एकमेव पुरावा ठरू शकतो. तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर, उसगाळीमळची कातळचित्रं, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या टाइल्स, हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. मुंबई-दिल्लीच्या विद्यार्थ्याला हे भाग्य नाही.

दुसरी पायरी : शिक्षण

आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात मुख्यतः कला करायला शिकवतात. १९७२ पासूनच्या या कॉलेजचे लक्ष्मण पै काही काळ प्राचार्य होते. तिथली पदवी असली तर हाताला साहित्याची ओळख होते, आणि ती आयुष्यभर उपयोगी पडते. पण ती सक्तीची नाही. इतिहास, पुरातत्त्व, संस्कृत, वास्तुकला, अगदी विज्ञानाची पदवी घेऊनही माणसं या क्षेत्रात येतात. संवर्धनात तर रसायनशास्त्रवाल्याचं स्वागतच होतं.

पदव्युत्तर शिक्षणाला मात्र बहुधा गोवा सोडावा लागतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला-इतिहास आणि संग्रहालयशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासूनचा. शांतिनिकेतनचं कलाभवन, दिल्लीत जेएनयूची कला आणि सौंदर्यशास्त्राची शाखा, आणि नोएडाची भारतीय वारसा संस्था, जी पूर्वी नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट होती, हे आणखी पर्याय. नोकरी करता करता शिकायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची संग्रहालयशास्त्राची पदविका आणि भाऊ दाजी लाडची आधुनिक कला-इतिहासाची पदविका बघा. अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा माहितीपत्रक स्वतः वाचा.

कला-इतिहास की संग्रहालयशास्त्र? डोळ्यापुढे संचालकपद असेल तर मी म्हणेन, पदव्युत्तर पदवी कला-इतिहासात आणि पदविका संग्रहालयशास्त्रात. वस्तूंविषयी स्वतःचं मत असलेला संचालक हिशेब शिकू शकतो. उलटं घडताना क्वचित दिसतं.

तिसरी पायरी : कागद वाचता येणं

इथे मराठी घरातल्या मुलांचं पारडं जड आहे आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले रक्षक, आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याची मांडणी करून मराठ्यांच्या इतिहासाला नवी दालनं उघडून दिली. तिथे पोर्तुगीज दप्तर अफाट आहे आणि मोडीतले मराठी कागदही आहेत. पोर्तुगीज वाचणारे संशोधक मिळतात, मोडी वाचणारेही मिळतात. दोन्ही वाचणारे फार थोडे. पोर्तुगीजचे वर्ग पणजीत कामोंइश या पोर्तुगीज भाषा-संस्थेच्या केंद्रात होतात. मोडी तर सवयीचा मामला आहे, सहा महिने रोज एक पान काढलंत तर वळण ओळखू येतं.

याचा कला-इतिहासाशी काय संबंध? बी. एन. गोस्वामी आयएएसची नोकरी सोडून पहाडी चित्रकलेकडे वळले. चित्रांवर सह्या नसत. मग त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. तीर्थाला गेलेल्या चित्रकारांनी तिथे स्वतःच्या हाताने आपलं गाव, कूळ, बापआजाची नावं लिहिली होती. त्यातून पंडित सेऊ आणि त्याचे मुलगे माणकू व नैनसुख यांचं घराणं उभं राहिलं. आपल्याकडे असंच काम देवस्थानांचे जमाखर्च, चर्चमधल्या कॉन्फ्रारियांच्या, म्हणजे भाविकांच्या मंडळांच्या, वह्या आणि गावकारीचे, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेचे, ठराव यांतून होऊ शकतं. पालखीच्या मुलाम्याला सोनाराला काय दिलं, मखराच्या रंगासाठी चितारी कुठून आला, घंटा कुणी ओतली, हे हिशेबात लिहिलेलं असतं. 'अनामिक कारागीर' ही पाटी पुष्कळदा आपल्या न वाचण्यामुळे लागलेली असते.

चौथी पायरी : पहिली नोकरी आणि ती कंटाळवाणी वही

पहिली नोकरी बहुतेक कंत्राटी असेल, पगार बेताचा असेल आणि पदाचं नाव 'सहायक' असेल. प्रदर्शन मांडायचं काम मिळालं तर झटून करा, पण मनापासून मागून घ्या ते परिग्रहण नोंदवहीचं काम. ज्याला सगळे अॅक्सेशन रजिस्टर म्हणतात, ते.

संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. पद्धत साधी : वर्ष, त्या वर्षीची कितवी भर, त्या भरीतली कितवी वस्तू. म्हणजे २०२४.१२.३. पुढे रकाने : वस्तूचं नाव, साहित्य, मापं, कुणाकडून, कोणत्या तारखेला, दान की खरेदी की उसनी, कागदपत्राचा क्रमांक, आल्यावेळची स्थिती, आणि सध्या कुठे ठेवलीय. शेवटचा रकाना सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा. नोंद शाईने, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. व्हाइटनर नाही.

वस्तूवर क्रमांक घालायचीही रीत असते. धातू, लाकूड, मातीचं भांडं असेल तर न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ हात, तो वाळल्यावर शाईने क्रमांक, वरून पुन्हा एक हात. पुढे कधी काढायचा झाला तर अॅसिटोनने निघतो. कागदावर मऊ पेन्सिल, मागच्या कोपऱ्यात. कापडावर क्रमांक लिहिलेली फीत हलक्या टाक्यांनी शिवायची. चिकटपट्टी आणि स्टेपल हे शब्दच विसरा.

सरकारी संग्रहालयांत आता सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने केलेली 'जतन' ही संगणकीय नोंदप्रणाली वापरतात. ती शिकून घ्या. पण संगणक आला म्हणून कागदी वही अडगळीत टाकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

पाचवी पायरी : गोव्याचा पावसाळा

परदेशी पुस्तकं थंडी आणि कोरड्या हवेसाठी लिहिलेली असतात. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर बसून असते. पासष्ट-सत्तरच्या वर दीर्घकाळ गेली की बुरशी धरतेच. म्हणून:

मे संपण्याआधी कौलं फेरून घ्या, पन्हाळी आणि गटारं साफ करा. संवर्धनावरचा सर्वांत फलदायी खर्च हाच, आणि तो कुणाला दाखवून मिरवता येत नाही म्हणून टळतो. चित्रं बाहेरच्या भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे हवा खेळायला फट ठेवा. कपाटं जमिनीपासून उचललेली हवीत. एसी दिवसा लावून संध्याकाळी बंद करायची पद्धत सगळीकडे दिसते. तिने नुकसानच जास्त होतं, कारण रोजच्या चढउताराने लाकूड आणि हस्तिदंत तडकतं, रंगाचे पोपडे सुटतात. चोवीस तास चालवायला पैसे नसतील तर पंखे, आर्द्रता शोषणारं यंत्र आणि खेळती हवा बरी.

कसर आणि भुंगेरे दिसले तर कागद-कापड पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशांत आठवडाभर तरी ठेवतात. रंगवलेल्या लाकडाला किंवा हस्तिदंताला हा उपाय करायचा नाही. कडुलिंबाची पानं थेट पोथीत घालू नका, डाग पडतात. उजेडाचं माप लक्स : कागद, जलरंग, कापड पन्नासच्या आसपास, तैलचित्र दीडशे ते दोनशे.

सहावी पायरी : माणसं, परवानग्या, कायदा

गोव्यातल्या बऱ्याचशा उत्तम कलावस्तू संग्रहालयात नाहीत. त्या देवळात, चर्चमध्ये आणि घरात आहेत, रोजच्या वापरात आहेत. देवस्थानाचा मालक म्हणजे महाजन, देऊळ ज्यांचं त्या घराण्यांतली माणसं. १९३३ चा महाजनी कायदा अजून लागू आहे आणि प्रशासक म्हणून मामलेदार असतो. म्हणून नुसत्या पुजाऱ्याने 'काढा फोटो' म्हटलं एवढ्यावर जाऊ नका. देवस्थान समितीच्या अध्यक्षांना लेखी अर्ज द्या, काम झाल्यावर फोटोंचा एक संच समितीला नेऊन द्या. गाभाऱ्याचा हट्ट धरू नका. चर्चमध्ये आधी फादरना भेटा, मग कॉन्फ्रारियाच्या माणसांना. जत्रा, फेस्त आणि चवथीच्या आठवड्यात काहीही मागू नका. एकदा नाव खराब झालं की बातमी पेडण्याहून काणकोणला तुमच्या आधी पोचते.

कायद्यातलं किमान : १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा. शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. चित्राची मालकी आणि त्याचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी. कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. सांगे इथे जन्मलेले आंतोनियु शावियेर त्रिंदाद १९३५ मध्ये वारले, त्यांची चित्रं छापायला आता अडचण नाही. मारियेला साडीत रंगवल्याबद्दल टीका सोसून पुण्याला गेलेले आंजेलो द फोन्सेका १९६७ मध्ये वारले. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे, पण २०२७ संपेपर्यंत ती चित्रं छापायची तर विचारावं लागेल. २००२ मध्ये वारलेले चित्रकार एफ. एन. सूझा यांच्या बाबतीत तर २०६२ अखेरपर्यंत.

वस्तू उसनी घेताना करार, स्थितीअहवाल, फोटो आणि विमा. विमा ती जागेवरून उचलल्या क्षणापासून परत जागी ठेवेपर्यंतचा हवा, नुसता प्रदर्शनाच्या दिवसांचा नाही.

सातवी पायरी : पैसा आणि समिती

अभ्यासक माणूस इथे अडखळतो. पैशाची भाषा आपली नाही म्हणून तो हिशेबनीसाकडे फाइल सरकवतो आणि तिथेच सत्ता हातची जाते. उपसंचालक किंवा क्युरेटर असतानाच ताळेबंद वाचायला शिका. संस्थेची आणि तिच्या देणगीदारांची आयकर-सवलतीची नोंदणी चालू आहे का, परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याखालची नोंदणी आहे का, हे विचारा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि वारसा, कला, संस्कृती ही सातव्या अनुसूचीत आहेत. कंपनीकडे जाताना 'संग्रहालयाला मदत करा' म्हणू नका. 'चाळीस पोथ्यांची दुरुस्ती, इतके महिने, इतका खर्च, शेवटी हे मिळेल' असं एका पानात द्या.

विश्वस्त मंडळाची बैठक वेगळीच कला आहे. महत्त्वाचा ठराव बैठकीत पहिल्यांदा मांडायचा नसतो. आधी एकेकाच्या घरी जाऊन चहा प्यायचा असतो. कुणी विश्वस्त आपल्या नातेवाइकाची चित्रं लावायला सांगेल, तेव्हा लेखी संग्रह-धोरण तुमच्या कामी येतं. 'धोरणात बसत नाही' म्हणणं 'मला आवडलं नाही' म्हणण्यापेक्षा सोपं.

सरकारी वाटेने जाणार असाल तर गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिराती बघत राहा. त्यांत साधारणपणे पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास चांगलं, असं असतं. विद्यापीठात शिकवायची दुसरी वाटही उघडी ठेवायची तर प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत दृश्यकला आणि संग्रहालयशास्त्र हे दोन्ही विषय आहेत. अनुभवासाठी डिसेंबरात पणजीत होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात पडेल ते काम करा. वाहतूक, विमा, तंबू, वीज, रुसलेले कलाकार, सगळं दोन आठवड्यांत बघायला मिळतं. परदेशी प्रशिक्षणासाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आणि ब्रिटिश म्युझियमचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम यांची चौकशी करा.

आठवी पायरी : कार्यभार घेताना

नेमणुकीचं पत्र आलं, हारतुरे झाले, की पहिल्याच आठवड्यात एक कागद पुढे येतो. 'संग्रह सुस्थितीत मिळाला' असं त्यावर टाइप केलेलं असतं आणि खाली तुमच्या सहीची जागा. त्यावर तशीच सही करू नका. प्रत्यक्ष पडताळणी मागा. तीन माणसांचा गट करा : एक वहीतला क्रमांक वाचणारा, एक वस्तू शोधणारा, एक फोटो काढून लिहिणारा. हजारभर वस्तूंच्या संग्रहाला काही आठवडे लागतील, लागू द्या.

शेवटी तीन याद्या होतील. वहीत आहे आणि जागेवर आहे. जागेवर आहे पण वहीत नाही. वहीत आहे आणि सापडत नाही. तिसऱ्या यादीतल्या निम्म्या वस्तू बहुधा दुसऱ्या यादीत क्रमांक पुसल्यामुळे लपलेल्या असतात. वर्णन आणि मापं नीट लिहिलेली असतील तर जुळवता येतात. तरीही जे उरेल त्याची यादी जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या आणि विश्वस्ताच्या सहीने कार्यभाराच्या कागदाला जोडा, एक प्रत मंडळाच्या इतिवृत्तात जाऊ द्या, आणि मग तारीख घालून तुमची सही करा.